एकशे एकावा पाइप

"आमच्या वस्तीचं पानी तुमच्या मशिनीनं कापलं, आसं सायेब सांगत हुते. खरं हाय का ते?"

दारात उभ्या असलेल्या माणसाने मला हे विचारलं. वय साठीच्या अलीकडचं असेल. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, आणि पायांत मात्र पॉलिश केलेले फौजी बूट. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, पाऊस क्वचितच येतो अशा माळावर, मेंढरं राखणाऱ्या लोकांची एक वस्ती होती. हा गृहस्थ तिथला. हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेला, त्यामुळे वस्तीवर कुणाचंही काम निघालं की सरकारदरबारी बोलायला त्यालाच पाठवत.

मी तेव्हा सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात, संगणकाच्या खोलीत नोकरीला होते. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. माझं गाव सातारा, वडील तेही फौजेतून निवृत्त झालेले. गणितात एम.एस्सी. झाल्यावर मी कुठेतरी शाळेत शिकवीन असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. त्याऐवजी मी सांगलीत खोली घेऊन राहिले आणि "प्रोग्रॅमर" नावाची कुणाला न कळणारी नोकरी धरली. वडील पाहुण्यांना सांगत, "मुलगी कॉलेजात मशीन चालवते." त्यावर कराडच्या आमच्या एका आत्याने मोठ्या काळजीने विचारलं होतं, की पोरीला शिवणाचीच आवड होती तर एवढं शिकवलं कशाला.

संगणक नवीनच आला होता. त्याच्यासाठी महाविद्यालयातली एकुलती एक गार खोली केली होती. चपला बाहेर काढून आत जायचं, फरशी मेणाने घासून गुळगुळीत केलेली. कार्डांवर भोकं पाडून आपलं काम यंत्राला द्यायचं आणि प्रिंटरमधून उत्तर यायची वाट बघायची. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळेच नुसतं सर म्हणत, त्यांचा या यंत्रावर फार जीव होता. पावसाळ्यात छत गळायला लागलं तेव्हा त्यांनी स्वतःची छत्री उघडून यंत्रावर धरल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पाण्याचं काम आमच्याकडे आलं तेही सरांमुळेच. बाहत्तरच्या दुष्काळात पूर्वेकडच्या गावांनी जे भोगलं, त्यानंतर नदीचं पाणी उचलून तिकडे प्यायला न्यायची एक योजना आखली जात होती. एका मोठ्या टाकीतून पाइपांचं जाळं निघणार, गावागावांतून जाणार. कुठला पाइप किती जाड घ्यायचा आणि कुठल्या गावाच्या नळाला किती दाबाने पाणी येईल, हा हिशेब हाताने करायचा तर महिने जातात. योजनेवरचे अभियंता सरांचे जुने विद्यार्थी होते. ते आकडे घेऊन आले. असा हिशेब करणारा एक प्रोग्रॅम सरांनी दुसऱ्या एका महाविद्यालयातून मागवून घेतला होता, कार्डांच्या खोक्यातून. आम्ही आकड्यांची कार्डं तयार केली, यंत्राला दिली, आणि उत्तर आलं. सगळ्या गावांना पाणी पोचत होतं. फक्त माळावरच्या त्या वस्तीसमोर उणे चिन्ह होतं, म्हणजे पाणी तिथपर्यंत चढणारच नव्हतं. अभियंता तो कागद घेऊन गेले आणि तालुक्याच्या बैठकीत त्यांनी वस्ती योजनेतून वगळायचं सुचवलं.

म्हणून हवालदार आले होते. भांडायला नाही. मी त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"मशीन म्हनती तर आसंल," ते म्हणाले. "आमी काय तिला खोटी म्हनत न्हाई. पर बाई, एकदा परत इचारून बघा की. वस्तीवर समद्यांनी मला पाठिवलंय. नुसतं न्हाई म्हनून परत कसा जाऊ?"

परत विचारलं तरी यंत्र तेच सांगणार, हे मला माहीत होतं. पण ते एवढ्या लांबून दोन एसट्या बदलून आले होते. वडिलांच्याच वयाचे, आणि उभं राहायची पद्धतही तीच. मी म्हटलं, "काका, बूट काढा आणि आत या. तुमच्यासमोर विचारू."

त्यांनी बूट काढून भिंतीशी सरळ रेषेत लावले आणि मोजे घालून आत आले. मी कपाटातून कार्डांचा ट्रे काढला. "द्या हिकडं," म्हणून त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. बाईमाणसाने ओझं उचलावं हे त्यांना पटलं नसावं. दोन पावलं टाकली असतील नसतील, मेणाच्या फरशीवर मोजे घसरले. हवालदार खाली बसले आणि कार्डं खोलीभर उडाली.

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. "आता वो? बिघडलं का समदं?"

सर आवाज ऐकून आले. त्यांनी आधी हवालदारांना हात देऊन उठवलं, लागलं का ते विचारलं, मग कार्डांकडे पाहिलं. "काही बिघडत नाही," ते म्हणाले. "गावांची कार्डं निराळ्या रंगाची आहेत, ती नंबराने लावून पुढे ठेवा. पाइपांची कार्डं कशीही लावा. प्रत्येक पाइपाच्या कार्डावर तो कुठून कुठे जातो ते लिहिलंच आहे. क्रम बदलला म्हणून पाणी काही वाट बदलत नाही."

आम्ही तिघांनी मिळून कार्डं गोळा केली. हवालदार एकेक कार्ड दोन्ही हातांनी उचलत होते. मग मी ती यंत्राला दिली. यंत्र बराच वेळ नुसतं घुमत राहिलं आणि प्रिंटर खडखडायला लागला.

वस्ती यादीत पहिली होती, कारण मोजणी करणाऱ्यांनी माळावरून सुरुवात करून खाली उतरत नंबर दिले होते. मी पहिली ओळ वाचली आणि पुन्हा वाचली. उणे चिन्ह गेलं होतं. वस्तीला पाणी मिळत होतं. नुसतं मिळत नव्हतं, टाकीच्या पायथ्याच्या गावालाही नव्हता इतका दाब वस्तीच्या नळाला दाखवत होता.

"काय म्हनती?" हवालदारांनी विचारलं.

"पाणी येतंय म्हणतेय."

"आलं?" त्यांनी पटका काढून हातात घेतला. "आलं म्हना की! मी म्हनलंच हुतं, परत इचारा म्हनून!"

मला तेव्हा किती वाईट वाटलं हे सांगता येणार नाही. कागद त्यांच्या हातात देऊन त्यांना आनंदाने घरी जाऊ देणं किती सोपं होतं. पण एवढ्या दाबाने पाणी आलं तर नळ उडून जाईल, हे कळायला गणित लागत नव्हतं. मी म्हटलं, "काका, थांबा. हे उत्तर पण चुकलंय."

"म्हंजी?"

"मघाचं चूक, का आत्ताचं चूक, का दोन्ही चूक, ते मला माहीत नाही. पण कार्डांचा क्रम बदलल्याने उत्तर बदलायला नको होतं. ते बदललं, म्हणजे आत काहीतरी बिघाड आहे."

त्यांनी पटका पुन्हा डोक्याला बांधला. बांधायला जरा जास्तच वेळ घेतला. मग म्हणाले, "मंग मी वस्तीवर काय सांगू?"

उत्तर सरांनी दिलं. "सांगा, की अजून ठरलेलं नाही. वस्तीला पाणी नाही असं आमचं यंत्र म्हणालं होतं, ते आम्ही मागे घेतलंय. मी आजच योजनेच्या कार्यालयाला तसं कळवतो."

"येवढं बी लय झालं," असं म्हणून हवालदारांनी बूट चढवले आणि ते गेले.

सरांनी खरोखरच त्याच दिवशी कळवलं. त्यामुळे वस्ती पुन्हा यादीत आली, पण अधांतरी. पुढच्या बैठकीपर्यंत पक्कं उत्तर द्या, नाहीतर वगळावीच लागेल, असं अभियंत्यांनी सांगितलं. ते त्यांच्या जागी बरोबरच होते. पाइप मागवायचे होते.

पहिल्या कागदाची आमच्याकडे राहिलेली प्रत आणि नवा कागद मी शेजारी शेजारी ठेवले आणि ओळीला ओळ लावून पाहू लागले. इतर सगळ्या गावांचे आकडे तंतोतंत तेच होते, फरक फक्त वस्तीच्या ओळीत. म्हणजे हिशेबाची रीत बरोबर होती आणि वस्तीच्याच बाबतीत काहीतरी वेगळं घडत होतं. पण वस्तीची उंची कागदाच्या सुरुवातीला बरोबर छापलेली होती, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. मी त्या ओळीवरून किती वेळा बोट फिरवलं असेल. चूक तिथे नव्हतीच.

शेवटी सर म्हणाले, "यंत्राने आकडा वाचला तेव्हा तो बरोबर होता. शेवटपर्यंत तो तसाच राहिला का, हे कुठे पाहिलंय आपण?"

मी प्रोग्रॅममध्ये एक कार्ड घातलं. सगळी कार्डं वाचून झाल्यावर, हिशेब सुरू करण्याआधी, सगळ्या उंच्या पुन्हा एकदा छाप. कागद बाहेर आला. वस्तीची उंची चारशे दहा मीटर. म्हणजे आमचा माळ नदीच्या पात्राच्याही खाली गेला होता! तिथे पाणी जोरात येणारच. चारशे दहा हा आकडा मी कुठेतरी पाहिला होता. ट्रेमधलं शेवटचं कार्ड काढून पाहिलं. त्या कार्डावरच्या पाइपाची लांबी चारशे दहा मीटर होती. मग आधीच्या खेपेला शेवटचं कार्ड कुठलं होतं ते कार्यालयाने दिलेल्या पाइपांच्या यादीवरून शोधलं, कारण पहिल्यांदा कार्डं त्याच क्रमाने लावली होती. त्याची लांबी अकराशे चाळीस. पहिल्या वेळी यंत्राने वस्ती अकराशे चाळीस मीटर उंचावर नेऊन ठेवली होती. टाकीतलं पाणी तिथवर चढणं शक्यच नव्हतं.

कसं झालं ते सांगते. संगणकाच्या स्मरणात आकडे एकापुढे एक खणांत ठेवलेले असतात. कशासाठी किती खण ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधी सांगायचं. आमच्या प्रोग्रॅममध्ये पाइपांच्या लांबीसाठी शंभर खण राखलेले होते आणि त्यांना लागूनच गावांच्या उंचीचे खण सुरू होत. पाइप होते एकशे एक. एकशे एकाव्या पाइपाची लांबी ठेवायला जागा नव्हती, म्हणून यंत्राने ती निमूटपणे पुढच्या खणात ठेवली, आणि त्या खणात आधीपासून वस्तीची उंची होती. आमचं यंत्र असल्या वेळी काही बोलत नसे. खणाबाहेर गेलास, असं सांगायची सोयच त्यात नव्हती.

पाइपांची जाडी, टोकं वगैरे बाकी सगळ्यांना कुणीतरी दीडशे खण दिले होते. लांबीचेच तेवढे शंभर राहिले होते. आम्ही ते दीडशे केले, कार्डं पुन्हा घातली, आणि यंत्राने काम करायलाच नकार दिला. छापून आलेल्या इंग्रजी ओळीचा अर्थ एवढाच होता, की जागा पुरत नाही. नुसते एकशे एक करून पाहिले, तरी तेच. सर हसायला लागले. "म्हणजे ज्याने कुणी बाकीचे वाढवले, त्याचीही इथेच जागा संपली असणार!"

मला हसू येत नव्हतं. पाणी जिथवर चढतं त्या उंचीतून वस्तीची उंची, अशी वजाबाकी मी कागदावर करून पाहिली होती. खरी उंची धरली तर वस्तीला पाणी मिळत होतं, थोडं का होईना. सरांना ते दाखवलं. त्यांनी शांतपणे तपासलं आणि म्हणाले, "मला पटतं हे. पण कार्यालयाकडे आपला एक चुकीचा कागद जाऊन बसलाय. आता पेन्सिलीने केलेली वजाबाकी कोण मानेल? आणि ज्या प्रोग्रॅमने एकदा दुसऱ्याचा खण बळकावला, तो आणखी कुठे काय करतोय ते सगळं यंत्राच्या जागेत बसल्याशिवाय कळायचं नाही. जागा करा, बाई."

जागा करायची तर कुठून? सगळ्यात जास्त जागा खात होता तो मोठा चौकोनी तक्ता. ऐंशी ठिकाणं, म्हणून ऐंशी ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी घरं. कुठलं ठिकाण कुठल्या ठिकाणाशी किती सहज जोडलंय, ते त्यात लिहिलेलं. सर म्हणाले, काही छोटी गावं एकत्र करू, म्हणजे तक्ता लहान होईल. मला ते नको होतं. एकत्र करायच्या यादीत सगळ्यात आधी त्या वस्तीचंच नाव आलं असतं.

त्या शनिवारी मी साताऱ्याला गेले. इस्लामपूर मागे पडलं तरी एसटीत उभीच होते, कराडला जागा मिळाली. घरी आईने विचारलं, एवढं तोंड उतरलंय कशाने. मी तिला सगळं सांगितलं, अगदी तक्त्यासकट. "सातारा ते सांगली जेवढं अंतर, तेवढंच सांगली ते सातारा, हो ना? तसं त्या तक्त्यात प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिलीय, आई. अर्धा तक्ता नुसता आरशातला आहे. तो ठेवलाच नाही तर निम्मी जागा मोकळी होते. पुस्तकात हे आहे, पण आमच्या प्रोग्रॅममध्ये नाही. म्हणजे हिशेबाचा सगळा भाग मला नव्याने लिहावा लागेल, आणि तो जर..."

"आधी जेव," आई म्हणाली. "पिठलं गार होतंय."

जेवले आणि झोपले. कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी झोप लागली. रविवारी दुपारच्या गाडीने परत निघाले तेव्हा करायचं काय हे मनात ठरलेलं होतं. फक्त करता येईल की नाही, एवढंच बाकी होतं.

निम्मा तक्ता एका सरळ रांगेत ठेवायचा, पहिल्या ओळीतलं एक घर, मग दुसऱ्या ओळीतली दोन, मग तिसरीतली तीन, असा. ऐकायला सोपं वाटतं. पण मग कुठलंही घर हवं असलं की रांगेत ते कितवं ते दर वेळी काढावं लागतं, आणि तिथे एका घराने जरी चुकलं तरी शेजारचा आकडा हाती येतो. माझं चुकलं. एकदा सगळ्या गावांना सारखाच दाब आला, एकदा यंत्र फिरतच राहिलं आणि सरांनी ते बंद केलं. मग मी मोठं काम बाजूला ठेवून चारच गावांचं एक खोटं जाळं कागदावर काढलं, हाताने सोडवलं, आणि प्रोग्रॅम त्याच्याशी जुळेपर्यंत दुसरं काही हातात घ्यायचं नाही असं ठरवलं. सर रोज संध्याकाळी पाच वाजता भडंगाचा पुडा घेऊन यायचे आणि काही न विचारता समोर ठेवायचे. चार गावांचं जुळलं त्या संध्याकाळी त्यांनी पुड्यातलं सगळं मलाच दिलं.

बैठक दोन दिवसांवर आली असताना आम्ही पूर्ण जाळं यंत्राला दिलं. जागा पुरली. पुरून उरली. प्रिंटर सुरू झाला तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, कागद सरांनीच फाडून घेतला. पहिली ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. वस्तीला पाणी पोचत होतं. दाब कमी, पण अधिक चिन्हाचा, आणि माझ्या पेन्सिलीच्या वजाबाकीशी जुळणारा.

"झालं?" मी विचारलं.

"थांबा," सर म्हणाले. त्यांनी पाइपांची कार्डं उचलली आणि पत्ते पिसावेत तशी चांगली तीन-चारदा पिसली. मग माझ्या हातात दिली. "आता द्या."

दिली. उत्तर आलं, तेच. ओळ न् ओळ तीच. त्यांनी पुन्हा पिसली, मग मी पिसली. यंत्र दर वेळी तेच सांगत राहिलं. आम्ही दोघं खुर्च्यांवर बसून हसत सुटलो, अगदी कारण नसताना. खोलीतला गारवा मला त्या दिवशी पहिल्यांदा सुखाचा वाटला. आठवडेच्या आठवडे मी तिथे नुसती कुडकुडत होते.

कागद बैठकीत गेला आणि वस्ती योजनेत राहिली. अभियंत्यांनी तिकडचा एक पाइप थोडा जाड धरायचंही मान्य केलं. हवालदारांना निरोप गेला होता, तरी ते पुढच्या आठवड्यात स्वतः आले. या वेळी बूट न सांगता काढले, पण आत मात्र आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "पक्कं का बाई?"

"पक्कं, काका."

"परत इचारलं तर?"

"कितीही वेळा विचारा. तेच सांगते."

त्यांनी नुसती मान हलवली. सरांनी चहा मागवला. तो त्यांनी उभ्यानेच घेतला. मग आवारातल्या लिंबाखालच्या बाकावर घोंगडं अंथरून ते जे आडवे झाले, ते एसटीची वेळ झाली तेव्हा मी जाऊन उठवलं. "लय दिसानं डोळा लागला," म्हणाले.

पाइप पडायला पुढे बराच काळ गेला. पाणी सुरू झालं त्या दिवशी मी नव्हते. नंतर केव्हातरी सरांबरोबर त्या भागात जाणं झालं, तेव्हा आम्ही मुद्दाम वस्तीवर गेलो. हवालदार मेंढरांमागे कुठे लांब गेले होते, भेटले नाहीत. वस्तीच्या मधोमध नळकोंडाळं होतं आणि तीन-चार बाया घागरी लावून उभ्या होत्या. आम्ही पाण्याच्या योजनेशी काहीतरी संबंध असलेली माणसं आहोत एवढं त्यांना कळलं, आणि त्यातली एक कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"आवं बाई, धार लय बारीक हाय बगा. येक घागर भरस्तवर किती येळ लागतोय! खालच्या गावाला कशी जोरात येती. सांगा की कुनाला तरी."

"सांगते," मी म्हटलं. माझ्या चेहऱ्यावर हसू का आहे ते तिला कळेना, आणि मला ते आवरेना. नळातून खरोखरच बारीक धार पडत होती, न तुटता. मी घागर भरेपर्यंत तिथेच उभी राहून पाहत राहिले. मग तिने ती उचलून डोक्यावर घेतली आणि पुढचीने आपली लावली.